हळदीकुंकवाच्या दिवशी मी सेक्टर दहाला गेले

तिळाचे लाडू मी केले होते. तिथूनच सांगायला लागते, कारण भांडणाचं मूळ तिथंच आहे.

माझा मुलगा हवाई दलात आहे. त्याची चंडीगडला बदली झाली तेव्हा मीही आले. सरकारी घर अजून मिळालेलं नाही, म्हणून सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलजवळ पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत इथल्या मराठी बायका पाळीपाळीनं हळदीकुंकू करतात. बहुतेक सगळ्या फौजेतल्या नाहीतर हवाई दलातल्या साहेबांच्या बायका. त्या दिवशी आमच्याकडे पाळी होती.

चिक्कीचा गूळ इथं मिळत नाही. इथल्या गुळाचा पाक कच्चा राहिला तर लाडू विस्कटतो, पुढं गेला तर दगड होतो. सुनेचे आदल्या दिवशी दोनदा बिघडले. मग मी केले. पाक गरम असतानाच वळायचे असतात, तळहात भाजतात. ताटभर लाडू वळून झाले आणि सून म्हणाली, "आई, तुम्ही दुपारी आतल्या खोलीत आराम करा. हीटर लावून देते. बाहेर गर्दी असेल, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

मला काहीही अवघडत नव्हतं. अवघडत होतं त्यांना. मी विधवा आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी विधवेनं समोर बसायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही. हीटर लावून देतात.

सून वाईट नाही. पुण्यात शिकलेली आहे, इंग्रजीत फोनवर भांडते, मला दवाखान्यात स्वतः गाडी चालवत नेते. पण तिच्या आईनं तिच्या आजीला असंच आत बसवलं होतं, आणि ते तिला इतकं सवयीचं की त्यात आपण काही वाईट करतोय असं तिला वाटतच नव्हतं. लाडू माझ्या हातचे चालतात. ते देणारे हात चालत नाहीत.

गावी असताना अशा दिवशी मी सरळ द्राक्षाच्या मळ्यात निघून जायची. कुणी आत बस म्हणायच्या आत मी बाहेर. इथं मळा कुठला! इथं सेक्टर आहेत.

नात सोफ्यावर पडून मोबाइल बघत होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. तिला विचारलं, "तू परवा त्या चित्रवाल्यांच्या भागात गेली होतीस, तो कुठं?"

"सेक्टर दस? आजी, यार, वहाँ तो सब पागल लोग बैठते हैं. आर्टिस्ट लोग, नाटकवाले."

"मग बरोबर आहे. रस्ता सांग."

तिनं सांगितला. बसनं सतराला उतरायचं, चौकातून भुयारी रस्ता धरून गुलाबांच्या बागेत, बाग ओलांडून मोठा रस्ता, पलीकडे दहा. तिथून अकरावरून पंधरा नंबरचा बाजार. तिकडे सगळी कॉलेजची पोरं-पोरी. मी दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "पक्का?" मी म्हटलं, "पक्का."

नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर चढवला, कानाला मफलर बांधला, पायात कापडी बूट. सुनेला म्हटलं, "मी बाहेर चालले."

"आत्ता? एकट्या? आई, धुकं बघा किती आहे."

"धुकं काय वाघ आहे?"

"अहो, पण कुठं जाणार?"

"फिरायला. तुला खोली मोकळी झाली, येणाऱ्यांच्या शाली-स्वेटर ठेव तिथं."

तिनं एकदा आतल्या खोलीकडं बघितलं. मग म्हणाली, "फोन चालू ठेवा." आणि मला दिसलं की तिला बरंच वाटलं होतं. तिचा प्रश्न मीच सोडवून दिला होता. त्याचा राग मला जिना उतरताना आला.

बस बरी मिळाली, बसायला जागा होती. सतराला उतरले तर मोठा फरशीचा चौक, मधे कबुतरं, आणि माणसं उन्हाची वाट बघत भिंतीला टेकून उभी. एक म्हातारे सरदारजी माझ्या काष्ट्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"बीबी जी, एह की पाया होया तुसी? धोती?"

"साडी है."

"साडी इंज बँधदी है?"

"हमारी बँधती है."

"किधर दे हो?"

"महाराष्ट्र."

"फौजी परिवार?" मी मान हलवली. ते खूश झाले, जणू काष्ट्याचं कारण फौज होती. "ठंड ना लगवा लेणा," म्हणाले. मला आवडले ते. जे वाटलं ते तोंडावर विचारलं. वर्षभरात आमच्या मराठी बायकांपैकी एकीनंही मला काही सरळ विचारलेलं नाही.

भुयारी रस्त्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत. माणसं, झाडं, मोर, काहीबाही. एका ठिकाणी बाईचं मोठं तोंड काढलंय, निळं. निळी बाई मी पाहिलेली नाही, पण थंडीत इथं तशीच होते, म्हणून मी काही बोलले नाही.

गुलाबाच्या बागेत गुलाब थोडेच होते. छाटणी मात्र चांगली केली होती. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी करतात तेव्हा नवा माणूस काडीवरच्या डोळ्याच्या फार जवळ कापतो, मग फूट येत नाही. इथल्या माळ्यानं बरोबर बोटभर सोडलं होतं. मी वाकून वाकून बघत होते तर एक चौकीदार शिट्टी वाजवत आला. त्याला वाटलं मी फुलं तोडते. मी त्याला रिकामे हात दाखवले. भाजलेले तळहात बघून तो परत फिरला.

मोठा रस्ता ओलांडणं हा या शहरातला खरा धोका. रस्ते रुंद, गाड्या जोरात, आणि माणूस चालत असेल अशी कुणाची कल्पनाच नाही. एका कॉलेजच्या पोरीच्या मागं लागून मी ओलांडला.

दहा नंबरला झाडी दाट आहे. विटांच्या बैठ्या इमारती, त्यातली एक चित्रांचं कॉलेज. बाहेर चहाची टपरी, आणि फुटपाथच्या कठड्यावर पोरं-पोरी बसलेली. कुणाचे केस कमरेपर्यंत, ती पोरं. कुणाचे केस कानाच्या वर, त्या पोरी. एकीच्या बोटात सिगारेट होती. मला बघून तिनं ती मागं लपवली. मी म्हटलं, "ओढ बाई, मी तुझी सासू नाही." मराठीत म्हटलं, तिला कळलं नाही, पण ती हसली आणि ओढायला लागली.

हिरवळीवर नाटकाची तालीम चालली होती. हुंड्यावर असावं. एक मुलगी मधे पडून ओरडत होती आणि बाकीचे तिच्याभोवती गोल फिरत होते. बराच वेळ ओरडली. मी बाजूला उभी राहून बघत होते. मार खाणारी बाई एवढी ओरडत नाही. ओरडली तर शेजारी येतात, म्हणून तिला आधी गप्प करतात. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांचं नाटक होतं, त्यांनी करावं. पण पाय दुखायला लागले होते, आणि खाली बसताना तोंडातून "आई गं" निघालं.

"आजी! मराठी?"

बारीक केसांची एक मुलगी, हाताला कोळशाची काजळी, मांडीवर मोठी चित्रांची वही. नांदेडकडची. इथं चित्रकला शिकायला आली होती. दोन वर्षांत इथं मराठी म्हातारी पहिल्यांदाच दिसली म्हणे.

"तू इतक्या लांब कशाला आलीस?" मी विचारलं.

"घरचे नको म्हणत होते म्हणून."

"मग बरं केलंस."

"आणि तुम्ही इकडं कशा?"

"घरी हळदीकुंकू आहे म्हणून."

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि तिला समजलं. चेहरा पाडला नाही. म्हणाली, "आजी, मला म्हातारं माणूस काढून द्यायचंय परीक्षेला. बसाल? तुमचं काही काम नसेल तर."

"माझं आज काहीच काम नाही. बसायचंच होतं. तिकडं आत बसायचं, इथं बाहेर बसते."

तिनं मला कठड्यावर उन्हाकडं तोंड करून बसवलं. ऊन कसलं, नुसता उजेड होता. तिची पंजाबी मैत्रीण शेजारी येऊन बसली, जाड अंगाची, हसरी. आणखी दोघंतिघं बघायला उभी राहिली. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. गाई विकायला नेल्या की बाजारात माणसं बघतात तसं हे बघणं नव्हतं. ती मुलगी एका सुरकुतीसाठी डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघायची, जणू ती सुरकुती हलली तर तिचं नुकसान होईल.

"आजी, हलू नका ना."

"मी काय भिंत आहे?"

"बोला तुम्ही, पण मान हलवू नका."

"मान हलवल्याशिवाय बोलायची सवय सुनांना असते. मी सासू आहे."

ती हसली तर तिचीच रेघ वाकडी गेली. मैत्रिणीनं विचारलं काय झालं, तिनं हिंदीत सांगितलं, मग सगळे हसले. चित्र होत आलं तशी मैत्रीण वाकून म्हणाली, "यार, बिंदी लगा दे. बड़ी वाली. तभी तो मराठी लगेगी." या मुलीनं लाल खडू घेतला आणि लावला.

वही माझ्याकडं फिरवली. नाक माझं, हनुवटी माझी. गळ्याच्या शिराही माझ्याच, त्यात तिनं काही दया दाखवली नव्हती. आणि कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू.

"हे कुणाचं कपाळ?"

"तिथं रिकामं वाटत होतं, आजी."

"रिकामं नाही. कपाळ आहे ते."

ती गोंधळली. "अहो, आता लावतात. आमच्या नांदेडला माझ्या आईच्या ग्रुपनं कार्यक्रम केला, विधवा बायकांना स्टेजवर बोलावून कुंकू लावलं. सगळ्या रडत होत्या."

"ज्यांना लावलं त्या रडत होत्या, की लावणाऱ्या?"

तिनं विचार केला. "लावणाऱ्या जास्त."

"त्यांना आधी विचारलं होतं का, लावू का म्हणून?"

"ते नाही माहीत."

मी तिला सांगितलं. ज्या विधवेला लावायचं असेल तिनं जरूर लावावं, कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. मला नको आहे. मालक होते तोवर लावलं, कारण लावायचंच असतं. ते गेल्यावर बायकांनी पुसलं, कारण पुसायचंच असतं. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. त्यानंतर हे कपाळ पहिल्यांदाच माझं झालं. आता त्याच्यावर मी ठरवीन तेच होईल, आणि मी काही नाही असं ठरवलंय.

मुलीनं खोडरबर घेतला. लाल खडू जाईना, पसरला. कपाळ आगीनं भाजल्यासारखं दिसायला लागलं. ती म्हणाली, "नवीन काढते. बसाल परत?" बसले. दुसरं चित्र तिनं भराभर काढलं आणि ते जास्त चांगलं आलं. कपाळ मोकळं, त्यावर तीन आडव्या रेघा. तिला परीक्षेला द्यायचं होतं, तिच्याकडंच राहिलं. बाजारात बांगड्या भरून आल्यावर वाटतं तशी मी उगीच हुशारून तिथून उठले.

अकरा नंबरमधून पंधराच्या बाजारात गेले. तिथं गर्दी. पुस्तकांची दुकानं, खोली भाड्यानं देण्याच्या चिठ्ठ्या खांबांना, वाफेच्या भांड्यांवर मोमो, एका टपरीवर चारपाच पोरं सरकारला शिव्या देत होती आणि चहावाला त्यांना. मला चहा हवा होता. चहावाल्यानं बाकावरच्या पोराला उठवलं, "ओए, माताजी नूँ बैठण दे." पोरगं उठलं, पण वाद थांबवला नाही, उभ्यानं शिव्या चालू ठेवल्या. बरं वाटलं. माझ्यासाठी जागा झाली आणि कुणाचं काही थांबलं नाही.

चहा अर्धा झाला आणि फोन वाजला. सून.

"आई, तुम्ही ठीक आहात ना? कुठं आहात?"

"पंधराला. चहा पितेय. आता निघते."

"नाही, म्हणजे... घाई करू नका. अजून सगळ्या आहेत. मॅडम उशिरा आल्या. तुम्ही थोडं फिरा अजून, बसा कुठंतरी. सगळ्या गेल्या की मी फोन करते."

ती हळू आवाजात बोलत होती. तोंडावर हात धरून बोलत असणार.

फोन ठेवला आणि कळलं की मी फसले होते. सकाळपासून मला वाटत होतं मी आपल्या मर्जीनं बाहेर पडले, आत बसायला नकार दिला. गावातही मळ्यात जाताना मला असंच वाटायचं. आणि इतकी वर्षं त्या बायकांचं काम मीच सोपं करून देत होते. त्यांना मी आत असले काय आणि मळ्यात असले काय, पुढच्या खोलीत नसले म्हणजे झालं. आता सुनेनं माझी आतली खोली फक्त मोठी केली होती. सेक्टर दहापासून पंधरापर्यंत.

चहा संपवला, टाकला नाही. रिक्षा केली आणि घरी गेले.

आमच्या घराला दोन जिने आहेत. मागचा स्वयंपाकघरात निघतो. पुढच्या दाराबाहेर सँडलींचा ढीग पडला होता. मी माझे बूट त्यातच काढले आणि आत गेले.

हॉलमध्ये बायका ओळीनं बसलेल्या. फौजेत नवऱ्याचा हुद्दा बायकोच्या बसण्यातही असतो. मॅडम, म्हणजे सगळ्यात मोठ्या साहेबांची बायको, मधल्या सोफ्यावर; बाकीच्या हुद्द्याप्रमाणं दोन्ही बाजूंना; आणि सगळ्यात धाकटी, एका पायलटची बायको, दाराजवळ वेताच्या बुटक्या मोड्यावर. मला बघून बोलणं थांबलं. सून हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन उभी होती. तिनं आधी मॅडमकडं बघितलं.

मॅडमनी सावरून घेतलं. तेही त्यांचं कामच असतं.

"अगं, आई आल्या! त्यांनाही लाव ना. आपण काय जुन्या काळातल्या आहोत का?"

लगेच सगळ्या "हो हो, लाव ना" म्हणाल्या. एकीनं मोबाइल वर धरला. सुनेनं माझ्याकडं बघितलं. ती बिचारी पुढं आली, चिमटीत कुंकू. मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही.

"मला नको."

"आई, प्लीज," ती पुटपुटली. "मग तुम्ही आत..."

"आत पण नको. मी इथं बसणार आहे."

मोबाइल खाली गेला. मॅडम म्हणाल्या, "अहो, आम्ही तुम्हाला मान देत होतो."

"मान द्यायचा तर बसायला जागा द्या. कपाळ राहू द्या."

कुणी हललं नाही. हुद्द्याप्रमाणं बसलेली माणसं, मधे माझ्यासाठी जागा करायची कुणी? मोठीनं सरकावं की धाकटीनं? तेवढ्यात ती दाराजवळची पायलटची बायको उठली, मोडा माझ्याकडं ढकलला आणि स्वतः खाली सतरंजीवर बसली. मी बसले. सुनेला म्हटलं, "आता तिळगूळ दे. मी केलेत, मला माहीत आहे कसे झालेत, पण दे."

तिनं दिला. नंतर तबक पुढं गेलं. मॅडमना हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी. मी बघत होते आणि त्यांना माझं बघणं कळत होतं. हळूहळू बोलणं परत सुरू झालं, आधी थंडीवर, मग कामवाल्यांवर. सतरंजीवरच्या पोरीनं विचारलं, "लाडू मऊ कसे राहिले हो? माझे दगड झाले." मी तिला पाक कधी उतरवायचा ते सांगितलं. मॅडमही ऐकत होत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत.

सगळ्या लवकरच उठल्या. मॅडमनी सुनेचा निरोप घेतला, माझा घेतला नाही. सतरंजीवरची जाताना वळून म्हणाली, "येते हं, आजी."

"ये. आणि दार ओढून घे, थंडी शिरते."

सून कप गोळा करायला लागली. मीही लागले. मग ती बशा आपटून म्हणाली, "तुम्ही मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंत. आधी सांगायचं तरी होतं."

"सकाळी सांगितलं असतं, की मी बाहेर बसणार आहे, तर बसू दिलं असतंस?"

ती हातातली बशी पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली.

"नाही," म्हणाली.

"खरं बोललीस."

"पुढच्या वर्षी मी काय करायचं, सांगा मला. मॅडम येणारच नाहीत."

"दुसऱ्या येतील. पुढच्या वर्षी तू कुणालाही बोलाव. मी आधीपासूनच हॉलमध्ये बसलेली असेन, म्हणजे आल्या आल्या दिसेन. ज्यांना चालणार नाही त्यांना दारातूनच जाता येईल."

तिनं उरलेले लाडू डब्यात भरायला घेतले. मी तिच्या हातातून डबा घेतला, कारण ती दाबून भरत होती आणि ते फुटत होते.